इंदिराबाईंचं ताट

इंदिराबाई कशा जेवतात, हे धनाजीरावांनी उभ्या संसारात पाहिलं नव्हतं. बडोद्यात, रावपुऱ्यातल्या घरी आधी ते जेवायचे. ते हात धुवायला उठले की बाई त्यांच्याच ताटात वाढून घ्यायच्या. साताऱ्याकडून नवरी होऊन आल्या तेव्हा सासूनं घालून दिलेली रीत. बाईंना तिच्यात कधी काही खुपलं नाही. उलट, दुसऱ्या ताटात घास गोड लागत नाही म्हणायच्या.

लेक शलाका लग्न होऊन आफ्रिकेत, बोत्स्वानात गेलेली. दोन हजार चार साली तिनं आईबापाला बोलावून घेतलं आणि ओकावांगोच्या दलदलीतल्या एका भारी सफारी कॅम्पवर दोघांनाच धाडलं. तंबू कसला, कापडी बंगलाच! आत न्हाणीला टब, बाहेर लव्हाळ्यात पाणघोडे घुरघुरत पडलेले.

पहिल्याच दुपारी घोटाळा झाला. लांबलचक टेबलावर गोऱ्या पाहुण्यांच्या रांगेत धनाजीराव जेवले. बाई शेजारी नुसत्या बसून.

"जेव की."

"चारचौघांत, तुमच्या आधी? जीभ झडंल माझी."

धनाजीरावांनी काटा खाली ठेवला. बाई त्यांचं ताट ओढणार, तोवर लेसेगो नावाच्या वाढपी पोरीनं हसत हसत दोन्ही ताटं उचलून नेली. रात्री तेच. सकाळी तेच. शलाकानं बांधून दिलेले ठेपले होते, तेही संपले.

दुसऱ्या दुपारी आचारीच बाहेर आला, टोपी हातात घेऊन. मॅडमना आपल्या हातचं रुचत नाही का, म्हणून बिचारा कासावीस.

"घालव माझी अब्रू परमुलखात!" धनाजीराव दातओठ खात पुटपुटले. बाईंनी पाण्याचा ग्लास उचलला. पाणी लुगड्यावर सांडलं.

हिच्या पोटात कालपासून धड काही नाही, हे धनाजीरावांना आत्ता दिसलं. मग त्यांनी आपलं भरलेलं ताट बाजूला सारलं आणि बाईंचं ताट बाईंच्याच पुढं सरकवलं.

"आज तू जेव. मी मागनं तुझ्याच ताटात जेवतो."

"अहो, काहीतरीच! कुणी बघंल."

"कोण बघतंय आपलं? पाणघोडे?"

बाईंनी पदर सावरला. पहिला घास चोरासारखा घेतला. मग भुकेनं लाज गिळली. हातानंच मासा सोडवत, काटा न् काटा चोखून ताटाच्या कडेला लावत त्या जेवल्या. अधूनमधून डोळे मिटत होत्या. धनाजीराव तोंडात बोट घातल्यासारखे बघत होते. ही एवढं चवीनं खाते?

पोटाजवळचा जाड तुकडा बाजूला ठेवून बाईंनी ताट त्यांच्याकडं सरकवलं. त्यांनी घास उचलला आणि लेसेगोचा हात पुढं आला.

"रहेवा दो ने, बेन!" राहू दे म्हणताना गडबडीत गुजरातीच बाहेर पडली. पोरगी चमकून मागं सरली. धनाजीरावांनी डाव्या हातानं ताट कवळून धरलं.

"गार झालंय, हो," बाई म्हणाल्या. "दुसरं मागवू का?"

"बस गुमान. जेवू दे मला."