मंडळाच्या भिंतींवरचं प्लॅस्टिक

जयपुरात संगमरवर हाकेच्या अंतरावर, म्हणून आमच्या मराठी मंडळाने नव्या सभागृहाला जमिनीपासून भिंतींपर्यंत संगमरवरी फरशीच बसवली. सभागृह देखणं झालं, पण आत कोणी नमस्कार म्हटलं की तो चारी भिंतींना भेटून मग आपल्याकडे यायचा. पहिल्याच गणपतीत आरती अशी घुमली की पुढची मंडळी दुसऱ्या कडव्यात आणि मागची पहिल्यातच. अध्यक्षांना वाटलं, भक्ती वाढली.

माझी आई कानाला यंत्र लावते. घरी तिला नीट ऐकू येतं, त्या सभागृहात मात्र शब्दावर शब्द चढून नुसता गलका. यंदा माझी मुलगी गणपतीच्या नाटुकल्यात होती. नागपूरहून बदली होऊन आम्ही आलो तेव्हा ती पाळण्यात होती, त्यामुळे तिचं मराठी हिंदीच्या आधाराने चालतं. तरी आजीने ऐकावं म्हणून तिने पानभर मराठी पाठ केलं. मग मीही कमिटीशी भांडभांड भांडले आणि भिंतींवर आवाज शोषून घेणारे, कापड चढवलेले तक्ते लावायला लावले.

कार्यक्रमाला गेलो, तर घुमणं जसंच्या तसं. तक्ते होते आणि त्यांच्यावरचं जाड प्लॅस्टिकही होतं.

"हे का नाही काढलं?" मी अध्यक्षांना विचारलं.

"वहिनी, इथली धूळ माहीत आहे ना? वर्षभरात कळकट होतील."

ज्या माणसाच्या सोफ्यावरचं प्लॅस्टिक मुलीच्या लग्नातही निघालं नाही, त्याच्याशी काय बोलणार? आवाज कापडात शिरला तर जिरणार. प्लॅस्टिकवर आपटून तो परत आमच्याच डोक्यावर येत होता. पण तोवर पडदा वर गेला.

मुलगी बोलत होती, कुठेही न अडखळता. घरी रोज ऐकलेलं म्हणून मला कळलं. आईने यंत्र चाचपलं, पुढे वाकली, मग हात मांडीवर ठेवून नुसती बघत बसली. मला रागाने रडू येत होतं.

नाटुकलं संपताच मुलगी धावत आली. "आजी, मतलब, सगळं समजलं ना?"

आईला खोटं बोलवेना. ती उठली, शेजारच्या तक्त्याच्या कोपऱ्यात नख घातलं आणि प्लॅस्टिक टर्रकन ओढलं.

"काकू! अहो काकू, काय करताय? थांबा!" अध्यक्ष ओरडत आले. सभागृहभर काकू-काकू झालं.

आईने अगदी गरीब चेहरा केला. "काही समजूनच नाही राहिलं जी, लय घुमते इथं," म्हणाली. मग नातीकडे वळली. "तू तिकडचं काढ बाई. अन् मग पुन्हा म्हण."