इनेस चिंपूचं दुसरं मृत्युपत्र

पेरूत स्पॅनिश राजवट होती तेव्हा कुस्को शहराच्या सान ब्लास वस्तीत इनेस चिंपूच्या दारी चिचा प्यायला विणकर, पाथरवट, खेचरं हाकणारे सगळे यायचे. मक्याला मोड आणून, शिजवून, आंबवून ती जी चिचा करी, त्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. नवरा पोतोसीच्या चांदीच्या खाणीत वेठीला गेला, तो परतलाच नाही. मागे राहिल्या त्या दोघी, इनेस आणि लहानगी पास्क्वाला.

त्याच पडत्या काळात एक स्पॅनिश बाई लिमाला निघाली होती. पोरीला शिवणकाम शिकवीन, हाताशी आली की परत धाडीन, असं ती म्हणाली. घरात खायची मारामार होती. इनेसनं लेकीची वेणी घातली, भाजलेल्या मक्याची पुरचुंडी बरोबर दिली आणि तिला खेचरावर बसवलं. मग वर्षांमागून वर्षं गेली. लिमाकडे जाणाऱ्या प्रत्येकापाशी ती निरोप द्यायची. उत्तर कधी आलं नाही.

म्हातारपणी दुखण्यानं अंथरूण धरलं, तेव्हा मृत्युपत्र करायला तिनं सरकारी लेखनिकाला बोलावलं. तो स्पॅनिश खरा, पण तिची केचुआ बोली चांगली बोलायचा. घर आणि मागचा मक्याच्या जमिनीचा तुकडा पास्क्वालाला, असं तिनं सांगितलं.

"'हयात असल्यास' असं घालावं लागेल," तो म्हणाला. "नसली तर कुणाला, तेही सांगा."

"तसं घालू नका."

"अहो बाई, रीत आहे ती."

"असेल. आईच्या तोंडून ते वदवून घेऊ नका."

तिचं दुखणं काढणाऱ्या शेजारच्या बार्तोलानंही समजावून पाहिलं. म्हातारी हटली नाही. शेवटी लेखनिकानं तिच्या मनासारखं लिहिलं.

इनेस त्या दुखण्यातून उठली. पुढच्या सुगीला लिमाचा एक खेचरवाला तिच्या दारी बसला होता. तिनं नेहमीप्रमाणे लेकीची खूण सांगून विचारलं. मनगटावर भाजल्याचा डाग, हे ऐकताच त्यानं हातातलं भांडं खाली ठेवलं. त्याची बायको पास्क्वालाला नेलेल्या बाईच्याच घरी स्वयंपाकाला होती. तिथं त्या पोरीला मारिया म्हणत. देवीच्या साथीत गेली, त्याला बरीच वर्षं झाली.

"माझी आठवण काढायची?" इनेसनं विचारलं.

त्याला मान वर करवेना. "तुम्ही वारलात असं बाईनं तिला सांगितलं होतं, मावशी. घरी जाते म्हणून सारखी रडायची ना. दर साली मृतांच्या सणाला तुमच्या नावानं मेणबत्ती लावायची."

इनेसनं गाळायला घेतलेली चिचा गाळून पुरी केली. गिऱ्हाइकांना वाढली. संध्याकाळी बार्तोला आली, तर ती विझलेल्या चुलीपाशी बसून होती.

"पोरकी समजून जगली गं ती," एवढंच म्हणाली. "मी असून."

लेखनिक पुन्हा आला, खेचरवाल्यानं सांगितलेलं सारं त्यानं ऐकून घेतलं. वारस म्हणून बार्तोलाचं नाव लागलं. मग कुणाकुणाच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये प्रार्थना करायच्या, ते आलं. इनेसनं आईबापाचं नाव सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं, आणि मग लेकीचं आलं. लिमात दफनाच्या वेळी मारिया असंच नोंदलं असेल, तेव्हा तेच लिहिलेलं बरं, असं लेखनिकानं हलकेच सुचवलं.

"मारिया कोण, मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "पास्क्वाला लिहा. त्या नावाला ओ द्यायची ती."

त्यानं तसं लिहिलं.

त्यानंतर तिनं मका भिजत घातला नाही. गिऱ्हाइकं दारापर्यंत येऊन माघारी जायची. बार्तोला घास भरवायची, तर चार घासांवर ती तोंड फिरवायची. थंडी पडू लागली तशी इनेस गेली.

पहिल्या प्रार्थनेला बार्तोला पुढेच बसली होती, नीट कान देऊन. पाद्र्यानं लॅटिनमधून भराभर नावं म्हटली. पास्क्वालाचं नाव कधी येऊन गेलं, ते तिला कळलंच नाही.