दसऱ्याचं विमान

छडी कानावर बसली. घोड्याची छडी, चामड्याची. आवाज असा निघाला की जयपूरजवळच्या सांगानेरात कापड छापणाऱ्यांचे ठसे वाकडे उमटले आणि तिकडे आमेरच्या हत्तींनी माना वळवल्या. रक्त मानेवरून सदऱ्यात उतरलं तेव्हा कळलं, हे आपलंच.

"हाथ हटा! पूजा हो चुकी है!"

कुंवरसाहेब ओरडत होते. जहागीर नुकतीच गेली होती, छडी राहिली होती. आणि एक छोटं विमान राहिलं होतं, ते आमच्या हँगरमध्ये उभं असे. त्याची देखभाल माझ्याकडे. मी महाराचा. आबा, म्हणजे वडील, साताऱ्याकडचे, फौजेत हवालदार होते. पेन्शन जयपुरात झाली, आम्ही इथलेच झालो. वर्षभर त्या इंजिनात मी खांद्यापर्यंत हात घालायचो. तेव्हा कुणाचा देव बाटला नाही.

दसऱ्याला राजपूत शस्त्रं पुजतात. कुंवरसाहेबांनी तलवारीशेजारी विमानही पुजलं. पंडितजींना उत्साह फार. पंखाखाली बोटाएवढी नळी असते. तिच्यात वारा शिरतो, त्यावरून वैमानिकाला वेग कळतो. पंडितजींना ती देवाचं नाकच वाटली. तुपात कालवलेलं कुंकू, अक्षता, सगळं आत कोंबलं आणि वरून लाल धागा बांधला. तो सोडायला मी हात घातला. म्हणून छडी.

मग माझा हात लागला म्हणून विमान दुधानं धुतलं. एवढं दूध, की सांगानेरची कुत्री महिनाभर पाण्याला तोंड लावीनात. मी कोपऱ्यात कान दाबून उभा. फोरमन माथुरजींना म्हणालो, "नळी बुजलीय. असं उडाले तर पडतील." माथुरजींनी बुटांकडे पाहिलं.

कुंवरसाहेब विमानात बसले. बाहेर पाहुणे, फेटे, फोटोवाला. हे इंजिन प्रॉपेलरला हातानं झटका दिल्याशिवाय सुरू होत नसे. झटका चुकला तर हात जातो, कधी डोकं. त्यामुळं ते काम कायम माझं.

"घुमा!" कुंवरसाहेब म्हणाले. मला. नुकतंच दुधानं धुतलेलं ते विमान.

डोक्यात काहीतरी तुटलं. नळी पुसायला माझा हात नको. डोकं उडवून घ्यायला हात हवा.

"नहीं घुमाऊँगा."

माथुरजी कानाशी आले. "बेटा, परवाने की परीक्षा में बैठना है ना? तेरे काम के साल मुझे ही लिखने हैं. माफी माँग, घुमा दे."

खरं होतं. त्यांनी लिहिलं नाही तर मी केलेलं काम झालंच नव्हतं. इंजिनिअर व्हायचं सोडून मला जगात दुसरं काही व्हायचं नव्हतं.

"आप घुमा दीजिए," मी म्हणालो.

माथुरजींची कंबर तत्क्षणी धरली.

कुंवरसाहेब उडी मारून खाली आले. छडी वर गेली. ती खाली येण्याआधी मी मनगट धरलं. गंजलेले बोल्ट सोडवणारी पकड ती. आत काहीतरी कट्कन वाजलं. छडी पडली. ते किंचाळले, आणि त्यांची माणसं माझ्यावर तुटून पडली. मी सांगताना वीस सांगतो, सहा असतील. लाथा, काठ्या, बुटांच्या टाचा. मीही चावलो, ओरबाडलं, एकाचं नाक डोक्यानं फोडलं. माझा एक दात धावपट्टीवर उडाला. आजही विमानं त्याला वळसा घालून उतरतात म्हणे.

विमान त्या दिवशी उडालं नाही. मला फाटकाबाहेर फेकलं. माथुरजी आतून म्हणाले, "तू यहाँ कभी था ही नहीं."

रक्त गाळत सोडाल्यापर्यंत, आमच्या वस्तीपर्यंत, चालत आलो. आबा दारातच होते. माझा एक डोळा मिटलेला, ओठ फाटलेला, सगळं त्यांनी पाहून घेतलं.

"माफी मागितलीस का रं?"

"न्हाय."

"मग हात धू. जेव."

आईनं हळद आणली. झोंबली. रडलो नाही, शिव्या दिल्या. आबांनी एकही अडवली नाही.

पुढं दुसऱ्या शहरात, दुसऱ्या हँगरमध्ये, झाडू मारण्यापासून पुन्हा सुरुवात केली. परवाना काढला. म्हातारा होईपर्यंत विमानं दुरुस्त केली. ते मिरवायला हे लिहीत नाही. त्या दिवशी ताटावर बसून, सुजल्या तोंडानं घास ढकलताना जे ठरवलं ते लिहितोय.

माझं काम पुसाल, मी पुन्हा करीन. हजारदा पुसा. पण माझ्या अंगावर हात उचलाल तर तो मी मोडीन. आधी मोडीन, मग जेवीन.