सेकंड हाफ जरा लांबलाय

चेन्नईत सिनेमाबद्दल मत नसलेला माणूस मला भेटला नाही. कंपनीच्या बसचा ड्रायव्हर, कँटीनमधला वाढपी, बँकेतल्या बाई, कुणीही. शुक्रवारी पिक्चर लागला की शनिवारपर्यंत सगळ्यांचा निकाल तयार. निकाल द्यायची पद्धतही ठरलेली. फर्स्ट हाफ कसा, सेकंड हाफ कसा, आणि जावं की न जावं. आधी मला याची गंमत वाटायची. पुढे एका पिक्चरपायी या मतांचा इतका राग आला, की अजूनही कुणी माझ्यासमोर ‘सेकंड हाफ जरा लांबलाय’ म्हणालं तर मी उठून दुसरीकडे जाते. लोकांना कळत नाही हिला काय झालं. सांगायचं तर माझ्या धाकट्या भावापासून सांगावं लागतं, आणि तो आता नाही.

तो पुण्याला इंजिनिअरिंगला होता आणि तिथल्या होस्टेलवर पावडरीच्या नादी लागला. आम्हाला कळेपर्यंत पाणी डोक्यावरून गेलं होतं. व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, जुनी संगत आणि जुनं गाव, दोन्ही सोडवा. मी तेव्हा चेन्नईबाहेर इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात गाड्यांचे पार्ट तपासायच्या नोकरीत होते आणि पोरूरला दोन खोल्यांत राहत होते. चेन्नईत त्याला ओळखणारं कुत्रं नव्हतं. आईने त्याला माझ्याकडे पाठवला. गाडीत बसवून घरी गेली आणि मला फोनवर एवढंच म्हणाली, ‘तुझ्या ओटीत घातलाय.’

तो चांगला राहिला, हे आधी सांगते. कॉम्प्युटर दुरुस्तीचा क्लास लावला, सुटे भाग आणून स्वतःचा कॉम्प्युटर जोडला. मला दोन वर्षांत जमली नाही तेवढी तमिळ त्याने गल्लीतल्या पोरांत बसून उचलली. आमच्या घरमालकीणबाई तंजावरच्या मराठी. त्यांची मराठी आपल्या आजीच्याही आजीची, आणि हेल पक्का तमिळ. मला त्यातलं निम्मं कळायचं, हा मात्र त्यांच्याशी तासन्‌तास गप्पा मारायचा. पण मी काही निर्धास्त नव्हते. तो क्लासहून आला की मी आधी त्याचे डोळे बघायचे, मग ‘ये’ म्हणायचे. त्यालाही ते कळायचं. तो दारातच उभा राहून डोळे मोठे करून दाखवायचा आणि म्हणायचा, ‘तपासून घे बाई, पास असेल तर आत सोड.’

असं चाललेलं असताना तो पिक्चर आला. पावडरीची तस्करी करणाऱ्या टोळ्यांचा होता, आणि दुसरा भाग होता. पहिला भाग याने आणि गल्लीतल्या पोरांनी सीडीवर पाहून पाठ केला होता. आमचा पठ्ठ्या रोज विचारायचा, ‘ताई, जायचं ना?’ नको म्हणावं तर माझा त्याच्यावर विश्वास नाही असं झालं असतं. हो म्हणावं तर पडद्यावर ती पावडर, तो चांदीचा कागद, तो धूर दिसला आणि याच्या अंगात काही उठलं तर? मला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की घेणारा माणूस दाखवलाय का, आणि कसा दाखवलाय.

म्हणून मी मतं गोळा करत सुटले. बसमध्ये शेजारी बसणारा म्हणाला, फर्स्ट हाफ फायर, सेकंड हाफ मोक्कै. मोक्कै म्हणजे रटाळ. कारखान्यात माझ्या लाइनवरची मुलगी म्हणाली, पहिल्या भागाची सर नाही, व्हिलन मात्र देखणा आहे. कुणाला फाइट आवडली, कुणाला हेलिकॉप्टर. मी विचारायचे, अहो, पण त्यात ते घेताना वगैरे दाखवतात का? लोक माझ्याकडे चमत्कारिक नजरेने बघायचे. त्यांच्या ते लक्षातच नव्हतं. घरमालकीण मामींनी तर पिक्चर न बघताच निकाल दिला. ‘अग मुली, तें पडम बघायास जाणार की? बरं आहे म्हणतात. दुसरा अर्धा मात्र भारी इळुवै, लांबवला आहे म्हणे.’ शेवटी वैतागून एका शनिवारी मी एकटीच मॅटिनीला गेले.

मध्यंतरापर्यंत नुसती धावपळ आणि बंदुका. मध्यंतरानंतर तो आला. टोळीचा माल पोचवणारा एक पोरगा, स्वतःच त्या पावडरीत बुडालेला. मी पदर तोंडाला लावून बसले होते. टोळी त्याच्या मागे लागते, तो लपतछपत आपल्या घरी येतो. आई दार उघडते. काही विचारत नाही. ताट मांडते, दहीभात वाढते. याचा हात इतका थरथरतो की घास तोंडापर्यंत जात नाही. मग ती समोर बसते आणि त्याला भरवते. गाणं नाही, वाजंत्री नाही. अख्खा भात संपेपर्यंत ती भरवत राहते आणि कॅमेरा हलत नाही. माझ्या आजूबाजूचे लोक पॉपकॉर्न आणायला उठले. मागून कुणीतरी शिट्टी मारली. मी मात्र हमसून हमसून रडले. आमच्या घरात जे झालं होतं आणि ज्याबद्दल आई-बाबा आणि आम्ही दोघं कधी एक अक्षर बोललो नव्हतो, ते कुणीतरी एवढ्या मोठ्या पडद्यावर दाखवलं होतं. मी ठरवलं, याला आणायचंच. बाकीचं सगळं बघू दे, पण त्याने हे बघायलाच हवं.

पुढच्या शनिवारी आम्ही दोघं गेलो. मध्यंतरानंतर मी पडद्याकडे कमी आणि त्याच्याकडे जास्त बघत होते. तो पोरगा पळाला, टोळी मागे लागली, आणि एकदम हेलिकॉप्टर आलं. मला वाटलं, माझा डोळा लागला की काय. फाइट झाली, टाळ्या झाल्या, दिवे लागले. घर नाही, आई नाही, भात नाही.

मी बाहेर तिकीट फाडणाऱ्याला गाठलं. तो हसून म्हणाला, ‘ट्रिम पण्णिटांग मा.’ कापलं म्हणे. लोक सगळीकडे सेकंड हाफ लांबलाय म्हणत होते, म्हणून आठवड्याच्या मधल्या वारी सगळ्याच थेटरांत तेवढी रिळं छाटली होती. इथे हे नेहमीचंच. आता पिक्चर बरा पळतो, असं त्याने वर मलाच समजावलं. मी त्याच्यावर मराठीतून ओरडले. त्या बिचाऱ्याचा काय दोष होता!

परतीच्या बसमध्ये भावाने विचारलं, ‘त्या माल पोचवणाऱ्याचं शेवटी काय झालं गं? मधेच गायब झाला.’ मी त्याला सगळं सांगितलं. दार, ताट, भात, सगळं. तो खिडकीबाहेर बघत ऐकत होता. मग म्हणाला, ‘तू रचून सांगतेस, ताई. असल्या पिक्चरमध्ये असलं कोण दाखवतं?’ रागाने नाही, समजूत काढल्यासारखं म्हणाला. मी द्यायला आणलेली वस्तू त्याने न घेताच परत केल्यासारखं मला वाटलं.

मग मी हट्टालाच पेटले. रजा काढून जॉर्ज टाउनला गेले आणि रस्त्यावरच्या टपऱ्यांवर चोरटी सीडी शोधली. पहिल्याच दिवशी कुणीतरी थेटरात बसून कॅमेऱ्यात उतरवलेली हवी, हे मी विकणाऱ्याला हातवारे करून पटवलं. तो मला वेडी समजला असणार. लोक नवीन प्रिंट मागतात, ही बाई जुनी मागते.

त्याने स्वतः जोडलेल्या कॉम्प्युटरवर आम्ही ती लावली. चित्र तिरकं, आवाज डब्यातून आल्यासारखा. पण तो भाग होता. आईने दार उघडलं. आणि तिने भात वाढायला घेतला तशी पडद्याच्या खालच्या बाजूला थेटरातल्या लोकांची काळी डोकी उठायला लागली. एक उठलं, मग दोन, मग अख्खी रांग. कुणीतरी काहीतरी ओरडलं आणि थेटर खो खो हसलं. त्या डोक्यांच्या फटीतून ती आई भरवताना दिसत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे दाखवायला मी रजा काढली होती!

‘खरंच होतं की गं,’ तो म्हणाला.

‘मग! थापा मारते की काय मी?’

‘लोक उठून चाललेत बघ.’

‘जाऊ देत मेले. अक्कल नाही त्यांना.’

‘त्यांचं काय चुकलं? त्यांनी पैसे फाइट बघायला दिलेत.’ मग त्याने विचारलं, ‘तू तेव्हा उठली नाहीस?’

‘नाही.’

त्याने माउस घेऊन तो भाग मागे नेला आणि पुन्हा लावला. मग पुन्हा. मग म्हणाला, ‘भूक लागलीय. दही आहे का?’ मी भात कालवला. त्याने मान खाली घालून, स्वतःच्या हाताने, ताट स्वच्छ पुसून खाल्लं. आल्यापासून तो इतका जेवला नव्हता. जेवून तिथेच जमिनीवर झोपला, लहानपणी झोपायचा तसा पालथा. मी खाली जाऊन मामींच्या फोनवरून आईला फोन लावला आणि म्हणाले, ‘सुटला गं. आता काळजी सोड.’ मला ते मनापासून वाटलं होतं.

दिवाळीच्या आधी तो क्लासला म्हणून गेला आणि परत आला नाही. पोलिसांचा फोन आला तेव्हा मी कारखान्यात लाइनवर उभी होते. त्याच्याजवळ सापडलेली सुई कुठून आली, कुणी दिली, किती दिवस चाललं होतं, काही कळलं नाही. मी रोज त्याचे डोळे बघत होते, तरी नाही कळलं.

त्याचं सगळं आटोपल्यावर आत्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, की मी तो फोन केला त्या दिवशी आईने देवापुढे साखर ठेवली होती, आणि मग ती वाटी घेऊन आळीत घरोघरी गेली होती. पोरगा सुटला, असं प्रत्येकाला सांगत होती. आई माझ्याशी सगळं बोलते. त्या फोनबद्दल मात्र तिने आजवर मला एका शब्दाने विचारलेलं नाही.