डाळजच्या मैदानाचं रेकॉर्डिंग

बैलगाडा शर्यतीत पळतात बैल, पण मैदान जागं ठेवतो माईकवरचा माणूस. शेळगावचा दादासो तसा. पंधरा वर्षं त्याच्यामागं स्पीकर माझे. बाटलीही माझीच; अँप्लिफायरच्या पेटीत मीच लपवून ठेवायचो. लाज वाटते, पण खोटं कशाला बोलू?

दहा महिन्यांपूर्वी त्यानं दारू सोडली. त्यानंतरचं पहिलं मैदान परवा इंदापूरजवळ होतं. फेरी सुटायला अर्धा तास असताना दादासोनं मला टेम्पोमागं ओढलं.

“फारुकभाई, पेटीत हाय का काय?”

“न्हाय.”

“एकच घोट. त्याबिगर जीभ उचलत न्हाय. डाळजचं मैदान आठव की! घेतली व्हती म्हणून तसा बोललो. लोक उठून टाळ्या वाजवत व्हते.”

मलाही तेच आठवत होतं. डाळजसारखा दादासो पुन्हा ऐकला नाही, असं मी चारचौघांत सांगत आलो होतो. आता कोणत्या तोंडानं अडवू? रस्त्यापलीकडं दारूचं दुकान होतं आणि त्याची नजर तिकडंच.

मी प्रत्येक मैदानाचं रेकॉर्डिंग मोबाईलमध्ये ठेवतो, ऐकत मात्र कधी नाही. म्हटलं, जुना आवाज ऐकून गड्याला धीर येईल. तीन वर्षांपूर्वीचं डाळजचं लावलं.

कसला धीर! जीभ जड. जिंकलेल्या जोडीचं नाव दोनदा चुकलं. टाळ्या होत्या, पण टिंगलीच्या. त्या दिवशी मीही घेतली होती. दोघांनी तीन वर्षं भलतंच मैदान मनात जपलं होतं.

शेवटी माईक चालूच राहिला होता. त्यातून त्याच्या छकुलीचा रडवेला आवाज आला, “पप्पा, उठा की. समदी बघत्यात.”

दादासो टेम्पोच्या चाकाला टेकून खाली बसला. मग म्हणाला, “शेवटचं परत लाव.” तीनदा लावलं.

मग तो माईकवर गेला. पहिलंच नाव अर्ध्यावर अडकलं. नाव आलं, बरोबर आलं. टाळी एकही पडली नाही, पण दिवस निभावला.

आज तो माझ्या स्पीकरच्या दुकानात आला. पुढचं मैदान रविवारी आहे. चहा पिता पिता हसून म्हणाला, “काय म्हण फारुकभाई, डाळजला लै भारी बोललो व्हतो.”

मी मोबाईल काढला आणि छकुलीचा आवाज लावला.