हिरोनं धरलेलं मनगट

आमच्या सुलतानपुरात सध्या माझ्याबद्दल दोन गोष्टी बोलल्या जातात. पहिली, की स्वतःचं लग्न झालं नाही म्हणून मी धाकट्या बहिणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, मोडलं. दुसरी, की तिला कोरियन सिरीयली दाखवून दाखवून मी बिघडवलं. पहिलीचं मला काही वाटत नाही. अडतीस वर्षांची बिनलग्नाची बाई, त्यात सरकारी कचेरीत नोकरी, म्हणजे लोकांना तोंडी लावायला आयतं लोणचं. दुसरीचा मात्र राग येतो आणि तो उतरत नाही. कारण ती अर्धी खरी आहे आणि लोकांनी नेमकं चुकीचं अर्धं उचललं आहे.

मी बुलढाण्यात दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहते. बहीण माझ्याहून तेरा-चौदा वर्षांनी लहान. पोलीस भरतीची तयारी करायला ती तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे आली. पहाटे मैदानावर धावणं आणि गोळाफेक, दिवसभर अभ्यासिका. रविवारची दुपार तेवढी आमची. जेवणं झाली की तुरीच्या शेंगांची पाटी मध्ये घेऊन आम्ही टीव्हीसमोर बसायचो. सिरीयलीतले लोक कोरियनमध्ये बोलायचे, खाली हिंदीत ओळी यायच्या, आणि आम्ही सोललेले दाणे भांड्यात टाकायच्या ऐवजी तोंडात टाकायचो.

कचेरीतल्या बाया मला हसायच्या. "सारे एकाच तोंडाचे दिसतात वो ते. तुले वळखू तरी कसे येतात?" मी म्हणायचे, तुमच्या मालिकांमधल्या भरजरी साड्या नेसून भाजी चिरणाऱ्या सुना मला तरी कुठे वेगळ्या ओळखू येतात. वाद घालायला मी कधीच मागे हटले नाही. त्या सिरीयलींत पुरुष रडतात, आणि रडल्यावर कोणी त्यांना बायल्या म्हणत नाही. कोणी भेटलं की आधी विचारतात, जेवलीस का. म्हाताऱ्या माणसासमोर पिताना तोंड बाजूला वळवतात, आमच्या मोठ्या काकू सासऱ्यासमोर पदर सावरायच्या तसं. आणि सोळा भागांत गोष्ट संपते. आपल्याकडे सोळा भाग नुसते मंगळसूत्र तुटून जमिनीवर पडायला लागतात.

पण प्रेमाच्या बाबतीत या लोकांनी जो घोळ घालून ठेवला आहे, त्याबद्दल मी कोणालाही माफ करणार नाही.

हिरो म्हणजे नेहमी कंपनीच्या मालकाचा मुलगा. लहानपणी त्याला कोणीतरी टाकून गेलेलं असतं, म्हणून मोठेपणी तो दिसेल त्याच्यावर खेकसतो. अरे, लहानपण कोणाचं सरळ गेलंय? आमच्या आईला चौथीतून काढून शेतात निंदणाला लावलं, ती कोणावर खेकसत फिरली नाही. पण हिरॉइननं त्याचं खेकसणं झेलायचं, झेलत झेलत आतला मऊ माणूस शोधून काढायचा, आणि तो सापडला की आपण धन्य झालो म्हणून रडायचं. ती स्वतः दोन-दोन कामं करून घर चालवत असते, त्याची मऊ बाजू कोणी शोधत नाही. ती समोरच असते ना, शोधायचं काय.

मग असतो दुसरा हिरो. हा माझा माणूस. हा विचारतो. छत्री धरू का, घरी सोडू का, आज बोलायचं नसलं तर उद्या येऊ का. तो विचारतो म्हणूनच हरतो. शेवटच्या भागात त्याच्या हातात बॅग देऊन त्याला विमानतळावर पाठवून देतात, आणि तिथेही तो हसतो. किती सिरीयलींत मी या माणसाला विमानात बसवून आले आहे याचा हिशोब नाही. आणि एक दुसरी बाई असते, चांगले कपडे घालणारी, स्वतःचं ऑफिस असणारी. तिचा गुन्हा एवढाच की ती सरळ सांगते, मला हा माणूस हवा आहे. तिनं म्हटलं की ती कारस्थानी. हेच वाक्य हिरोनं म्हटलं की मागे गाणं वाजतं.

आणि मनगट. प्रत्येक सिरीयलीत ते एकदा तरी येतंच. हिरॉइन दुसऱ्या हिरोबरोबर चहा घेत बसलेली असते. हिरो तिथे उगवतो, एक शब्द न बोलता तिचं मनगट धरतो आणि तिला ओढत बाहेर नेतो. गाणं सुरू होतं, त्याचा चेहरा जवळून दाखवतात, जबडा आवळलेला, डोळ्यांत पाणी.

आता माझा गुन्हा ऐका. हा प्रसंग मला फार आवडायचा. दुसऱ्या हिरोच्या नावानं एवढा गळा काढणारी मी, मनगट धरलं की शेंगा सोलायची थांबायचे. एका सिरीयलीत तर मी तो तुकडा तीनदा मागे नेऊन पाहिला आणि बहिणीच्या देखत म्हटलं, "असा पाह्यजे." माझ्यासाठी एवढं पेटणारं कोणी आयुष्यात आलं नाही, त्याची ती भूक होती. आज लिहिताना लाज वाटते. बहीण तेव्हा एकवीस वर्षांची होती आणि माझ्या शेजारी बसून सगळं ऐकत होती.

मागच्या हिवाळ्यात तिचं साक्षगंध झालं. मुलगा जवळच्याच एका गावचा, खतांचं दुकान, पदवी झालेली, बोलायला गोड. पाहायला आले तेव्हा त्याची आई म्हणाली होती, "भरती होऊ द्या तिले, आमची काही हरकत नाई." आमच्याकडे अलीकडे एक पद्धत पडली आहे. साक्षगंधाच्या ताटात मुलाकडून साडी, अंगठी, सुकामेवा येतो आणि सगळ्यांच्या वर नवा मोबाइल ठेवलेला असतो, लग्नापर्यंत दोघांनी बोलावं म्हणून. मोबाइल केवढा यावरून बाया स्थळ केवढं ते ठरवतात. आमच्या ताटातला मोबाइल मोठा होता. त्यात नवीन सिमकार्ड घातलेलं होतं, त्याचा नंबर आधीच साठवलेला होता, पुढे लाल बदाम. तो तिला हळूच म्हणाला, "जुना नंबर बंद करून टाक. आता याच्यावरच बोलत जाय." मी शेजारीच होते. मी तिच्या कानात म्हटलं, "पाह्य, सिरीयलीतल्यासारखंच."

हे माझे शब्द आहेत. ते मी कोणावर ढकलू शकत नाही.

मग तो मोबाइल आमच्या घरात राहायला लागला. बहीण कुठे आहे ते त्याला तिकडे बसून दिसायचं. ती अभ्यासिकेतून उठून झेरॉक्सच्या दुकानात गेली की फोन यायचा, तिकडं काऊन गेली? बस चुकली की फोन, थांबून काऊन राह्यली? ती मला हसत सांगायची, किती लक्ष हाये ना ताई त्याचं. सुरुवातीला मीही हसले. सिरीयलीत हिरो असाच मोबाइलवरून हिरॉइनचा पत्ता काढतो आणि धावत पोचतो. फरक एवढाच की तिथे ती डोंगरात हरवलेली असते. आमची पोरगी झेरॉक्सच्या रांगेत उभी होती.

मैदानी चाचणी पंधरा दिवसांवर आली तेव्हाची गोष्ट. रोज सकाळी आठला मैदानावरून घरी येणारी बहीण त्या दिवशी सातलाच आली. चेहरा फुललेला. पाणीसुद्धा न पिता माझ्यासमोर गॅसपाशी येऊन उभी राहिली.

"ताई, तो आल्ता ग्राउंडवर," ती म्हणाली. "मी आमच्या सरले गोळ्याची पकड इचारून राह्यली होती. तो कोणाशी काही बोलला नाई. सरळ आला, माह्यं मनगट धरलं अन् मले गाडीपर्यंत घेऊन गेला. साऱ्या पोरी पाहूनच राह्यल्या."

तिनं मला हात दाखवला. लपवला नाही, दाखवला, मेंदी दाखवावी तसा. उजवा हात, गोळा फेकायचा. मनगटावर चार बोटं काळीनिळी उठली होती आणि खालच्या बाजूला अंगठा.

माझ्या हातातला तवा मी आपटला. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. त्याला काय समजतं, तो कोण लागून गेला, हात मोडला असता तर भरती कोणी दिली असती, असं बरंच. ती शांतपणे म्हणाली, "काऊन चिडून राह्यली? तूच तं म्हणत होती, असा पाह्यजे. तीनदा मांगं नेऊन पाह्यला होता तू तो सीन."

गॅस बंद करून मी खुर्चीवर बसले.

त्याच दुपारी मी त्याला फोन लावला. तो अजिबात भांडला नाही. मला ताई म्हणूनच बोलला. "मले राग नाई ताई, पिरेम हाये म्हणून होते असं. अन् तसंही आता चाचणी देऊन का करायचं? लग्न झाल्यावर तिले काही नोकरी करायची नाई." आईला फोन केला तर ती म्हणाली, "काळजी हाये म्हणूनच आला ना तो? पोरगी चार पोरांत पळते, कोणाले आवडंल?" आणि संध्याकाळी बहिणीनं पुस्तकं आवरून कपाटात ठेवली. मी विचारलं तर म्हणाली, "जाऊ दे ना ताई. नाई देत चाचणी. एवढा जीव लावते तो."

तीन वर्षं पहाटेची थंडी खाल्लेली पोरगी एका गाण्यापायी हे बोलत होती. ते गाणं तिच्या डोक्यात मी घातलं होतं. मला त्या मुलाचा राग आला, आईचा आला, ज्यांनी त्या सिरीयली लिहिल्या त्यांचा आला, आणि सगळ्यांत जास्त शेंगा सोलत बसलेल्या त्या बाईचा आला जिला सगळं कळत होतं असं तिला वाटायचं.

पुढचं गावाला माहीत आहे. ती चाचणीला गेली, निकाल यायचा आहे. मोबाइल, साडी, अंगठी सगळं डब्यासकट परत गेलं. आई माझ्याशी बोलत नाही. सिरीयलीपायी लग्न मोडलं म्हणतात. सिरीयलीपायी मोडलं नाही, सिरीयलीपायी जुळत होतं. मध्ये एक रविवार होता, तो गावाला माहीत नाही.

त्या रविवारी जेवण झाल्यावर मी शेंगांची पाटी काढली आणि तोच भाग लावला. बहिणीला वाटलं मी माघार घेतली. ती बरी जवळ येऊन बसली. मनगटाचा प्रसंग आला आणि मी टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला. माझ्या डोक्यात मोठं काही नव्हतं. मला फक्त ते गाणं नको होतं.

गाणं नसलं की काय उरतं ते मी पहिल्यांदा पाहिलं. एक माणूस चिडलेला आहे. एक बाई मागे ओढते आहे. तिचा पाय मुरगळतो, एक चप्पल निघते, दुसऱ्या हातानं ती त्याची बोटं सोडवायला पाहते. ती काहीतरी बोलते आहे. आणि खाली हिंदीत ओळ येते: मेरा हाथ छोड़ो, दुख रहा है.

मी थांबवलं. मागे नेलं. पुन्हा तीच ओळ. ती आधीपासून तिथेच होती. आम्ही तो तुकडा तीनदा पाहिला होता, दोघी शिकलेल्या, एक कचेरीत दिवसभर कागद वाचणारी, एक प्रश्नपत्रिका वाचणारी. तिन्ही वेळा आम्ही त्याचा चेहरा पाहत होतो. ती काय म्हणते ते आम्ही वाचलंच नव्हतं.

मी बहिणीकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी भाषण दिलं असतं, मला सवय आहे. ओळ पडद्यावर तशीच थांबलेली होती. बहीणच बोलली.

"मीबी हेच म्हटलं होतं त्याले."

मी म्हटलं, "मंग?"

"अठी सिरीयलीत तं गाणं चालू होतं ताई," ती टीव्हीकडे पाहत म्हणाली. "ग्राउंडवर काही वाजत नव्हतं. त्याले ऐकू आलं असंल."

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. तिनं नाव पाहिलं आणि तो पालथा ठेवला. वाजायचा थांबला, पुन्हा वाजला. मी उठून स्वयंपाकघरातून तेलाची वाटी कोमट करून आणली आणि तिच्यासमोर बसले. चार बोटांच्या खुणा आता पिवळ्या पडायला लागल्या होत्या.

"लावू का?" मी विचारलं.

तिनं स्वतः हात पुढे केला.