मामांचा लाल खडू

फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. मामा गेले, असं मामेभावानं सांगितलं. मी उरलेल्या पोळ्या लाटल्या, जेवले आणि मग धंतोलीला मामांच्या घरी गेले… पुढे शोकसभेत सगळ्यांनी मामांना ऋषितुल्य म्हटलं. त्यातला एकही त्यांच्या घरी दोन दिवस राहिलेला नव्हता.

सत्तरच्या दशकात मी नागपुरात डॉक्टरकी शिकत होते आणि मामा आम्हाला पॅथॉलॉजी शिकवायचे. गर्भाशयाच्या अस्तरात दर महिन्याला नव्या रक्तवाहिन्या कशा फुटतात, वळणं घेत कशा वर चढतात आणि गर्भ राहिला नाही की अस्तरासकट कशा गळून जातात, हे ते फळ्यावर लाल खडूनं असं काढायचे की मागच्या बाकावरची पोरंही गप्प व्हायची. तेच मामा घरी पाऊल टाकताना विचारायचे, "ती बाहेरची तर नाही ना?" पाळी आलेली असली, की मामी मागच्या खोलीत, सतरंजीवर. ताट वेगळं, तांब्या वेगळा. एवढं शिकून माणूस इतका कोरडा कसा राहतो, याचं मला तेव्हा नवल वाटायचं. आता नुसती किळस येते.

एका उन्हाळ्यात मामीचं रक्त थांबेचना. महिना होत आला, ती पांढरीफटक पडली. आणि आमच्या विद्वानांनी काय करावं? "थांबेपर्यंत आत यायचं नाही," असं बजावलं! शेवटी माझ्या आईनं रिक्षा बोलावली. "दादा, तुले लाज कशी नाही वाटत गा?" एवढंच विचारून ती मामीला दवाखान्यात घेऊन गेली. तिथे अस्तराचा तुकडा काढला. ती बाटली मीच मामांच्या खात्यात पोचवली. मामी वाचली. त्यात मामांचा काडीचाही वाटा नव्हता.

पुढच्याच आठवड्यात मामांनी त्या तुकड्याची काच वर्गात मायक्रोस्कोपखाली लावली. बाटलीवरचा नंबर मला पाठ होता, काचेवर तोच होता. "पाहा, काय सुंदर जाळं आहे!" म्हणाले. मामी तेव्हाही मागच्या खोलीतच होती.

परवा तिला भेटायला गेले, तर ती मामांच्या खोलीत, पलंगावर बसून शेंगा फोडत होती. मला राहवलं नाही, त्या काचेचं सांगून टाकलं.

"माहंच होतं ते?"

"तुझंच."

"अन् पोरायले काय म्हणे?"

"सुंदर आहे म्हणाले."

"म्हणजे काचेवर चालत होतं वं त्यायले!" मामी म्हणाली, आणि हसता हसता तिनं पदरातली सगळी टरफलं मामांच्या गादीवर झटकली.